खंदारे मॅडम आणि सांगितलेले चेहरे

खंदारे मॅडम कुणाकडे बघायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप सावरून बसायचा. शिपाई टोपी नीट करायचा, हेडमास्तर चष्मा काढून पुसायला घ्यायचे आणि आम्ही बायका उगाच केसांवरून हात फिरवायचो. मॅडमचं लक्ष टोपीकडेही नसायचं आणि केसांकडेही नसायचं. त्यांची नजर भुवईच्या हाडावरून, नाकपुडीच्या वळणावरून, कानाच्या पाळीवरून सावकाश चाललेली असायची आणि उजव्या हाताचं बोट साडीवर तेच वळण गिरवत असायचं. गिरवून झालं की त्या मान हलवायच्या, म्हणजे आपण सुटलो.

गंगाखेडच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. मी विज्ञान शिकवते. त्या आम्हाला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत, विषयानं मारायच्या. "काय विज्ञान, चहा आला का?" "ओ गणित, जरा सरका." भूगोलाचे सर बदलून गेले आणि नवे आले तरी मॅडमच्या तोंडी भूगोल भूगोलच राहिला. सुरुवातीला मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की ज्या स्टाफरूममध्ये आडनावं ऐकून माणसं मोजली जायची, तिथं या एका बाईनं सगळ्यांची आडनावं बाजूला ठेवून दिली होती.

त्या स्वतः नेहमी खळीच्या साडीत असायच्या. पाठ ताठ, चाल संथ. कुणी घाई केली की एकच विचारायच्या, "बस चुकायलीय का तुमची?" वर्गात त्यांचा एक नियम होता. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड, हे चित्र काढायला बंदी. नवीन आलेली पोरं हटकून तेच काढायची.

"नारळाचं झाड कुठं बगितलंस?" मॅडम विचारायच्या.

"पुस्तकात, मॅडम."

"मग हे पुस्तकाचं चित्र झालं. आता घराचं काढ. घरी काय हाय?"

"बाभळ हाय."

"मग बाभळीनं काय वाईट केलंय तुझं?"

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर बाभळी होत्या, ऊस भरलेले ट्रॅक्टर होते, एसटी स्टँडवर पेंगणारी माणसं होती. एकदा तपासणीला आलेले साहेब ते बघून म्हणाले, "जरा सुंदर विषय द्या मुलांना." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ही सुंदरच हायत. जवळ जाऊन बगा." साहेब खरंच जवळ गेले आणि बराच वेळ तिथं उभे राहिले.

त्यांची सही हा आमच्या थट्टेचा विषय होता. चित्राच्या कोपऱ्यात कलावंत लोक काहीतरी वेडंवाकडं खरडतात. मॅडम मात्र पहिलीच्या पुस्तकासारखं स्वच्छ, पूर्ण नाव लिहायच्या: सुनंदा निवृत्ती खंदारे. मी एकदा म्हटलं, "मॅडम, एवढी मोठी सही कशाला?" त्या म्हणाल्या, "आंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आमच्या घराला लय पिढ्या लागल्या, विज्ञान. आता ती कुणाला वाचता येणार न्हाई अशी कशाला करू?" त्यानंतर मी थट्टा केली नाही.

मॅडमचं माहेर राणीसावरगाव. तिथल्या वस्तीत एक जुना विहार आहे. धर्मांतरानंतरच्या काळात लोकांनी आपल्या हातांनी बांधलेला, काळ्या दगडाचा. त्यात एक फोटो टांगलेला आहे. विहार बांधणाऱ्या माणसांचा. फेटे, धोतरं, दोघातिघांच्या अंगात कोट, आणि प्रत्येकाच्या तोंडावर फोटोवाल्याला घाबरल्याचा भाव. मॅडम लहानपणापासून तो फोटो बघत आलेल्या. वस्तीत सगळ्यांना पाठ होतं की दगड बायकांनी डोक्यावरून वाहिले, पाणी बायकांनी ओढलं, आपल्या भाकरीतली भाकरी गवंड्याला बायकांनीच दिली. फोटो काढायच्या दिवशी मात्र त्या स्वयंपाकात होत्या. सात बायका. त्यांतल्या एकीचाही आयुष्यात कधी फोटो निघाला नव्हता.

विहाराची दुरुस्ती निघाली तेव्हा मॅडमनी समितीला सांगितलं, "समोरची भिंत मोकळी ठेवा. तिथं त्या सात जणी येतील."

"कशा येतील? फोटो कुठं हायत?"

"गयाबाई हाय की," मॅडम म्हणाल्या.

गयाबाई म्हणजे त्या काळात परकर नेसून आईच्या मागं मागं पाणी घेऊन फिरणारी पोरगी. आता ती ऐंशीच्या आसपासची. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, कान शाबूत, आणि आठवण अशी की कुणाच्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं तेही सांगावं. ती सांगणार आणि मॅडम काढणार, असं ठरलं.

पण मॅडमना एक गोष्ट माहीत होती, जी त्यांनी मला फार उशिरा सांगितली. मॅडम शाळेत शिकत असतानाच त्यांची आई गेली. तिचाही फोटो नव्हता. चित्रकलेचा कोर्स करून आल्यावर मॅडमनी वडिलांना समोर बसवलं आणि कोळशानं आईचा चेहरा काढायला घेतला. वडील सांगायचे, "कपाळ आणिक रुंद." मॅडम खोडायच्या. "एवढं न्हाई." पुन्हा खोडायच्या. असं करता करता कपाळाच्या जागी कागद विरला आणि त्याला भोक पडलं. वडिलांनी पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "हीच हाय. बराबर हीच हाय."

"खोटं बोलले ते," मॅडम मला म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलले. आणि मी बी मानलं. आता वडील न्हाईत. आईला वडलांएवढं बगितलेलं दुसरं कुणी न्हाई. सांगणारा गेला की चेहरा जातो, विज्ञान. मला असा कागद पाहिजे की कितींदाबी खोडला तरी फाटणार न्हाई."

म्हणून त्यांना टॅबलेट हवा होता. चित्रकलेची बाई आता या वयात मोबाईलच्या मोठ्या भावावर चित्रं काढणार म्हणून स्टाफरूममध्ये थोडी कुजबुज झाली. मॅडमनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी मला धरलं. मी विज्ञान शिकवते म्हणजे विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू मला कळते, असा त्यांचा समज होता.

आधी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कॉम्प्युटरला जोडायची काळी पाटी आणून दिली. तिच्यावर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं. मॅडमनी ती आठवडाभर वापरून परत केली. "माझा हात इथं, नजर तिथं. ते जमेल एकवेळ. पण गयाबाईनं कुठं बघायचं? हाताकडं का भिंतीकडं? आणि तो कॉम्प्युटर सावरगावच्या जीपमधी मांडीवर घेऊन बसू का मी?" वस्तू अशी हवी होती की एका पिशवीत मावेल, एका हातावर पेलेल, आणि दोन माणसांना एकाच वेळी, शेजारी बसून, एकाच चेहऱ्याकडं बघता येईल.

मग आम्ही रेल्वेनं परभणीला गेलो. आम्ही म्हणजे मी, मॅडम आणि गयाबाई. गयाबाईला आदल्या दिवशीच गंगाखेडला आणून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "त्यांना कशाला त्रास?" मॅडम म्हणाल्या, "चष्मा ज्याचा, डोळे त्याचेच तपासतात ना?"

दुकानदार मोठा बोलका. कपाळावर विभूतीचे पट्टे, सगळे त्याला आप्पा म्हणत. त्यानं गयाबाईला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि एकेक टॅब काढून काचेवर मांडला.

"मॅडम, ह्याच्यात पिक्चर लय भारी दिसतो. आवाज तर चारी बाजूनं."

"पिक्चर बगायचा न्हाई मला. काढायचाय."

आप्पा हसला. मग त्यानं पेन पुढं केलं आणि मॅडमची परीक्षा सुरू झाली. त्या कुठल्याही पडद्यावर फूल काढत नव्हत्या, नाव लिहीत नव्हत्या. तिरकी रेघ ओढत होत्या, अगदी मुंगीच्या चालीनं. "जल्दी ओढली की कुठलीबी रेघ सरळ येते," त्या आप्पाला सांगत होत्या. "हळू ओढली की खरं कळतं." एका टॅबवर ती रेघ वाऱ्यातल्या दोरीसारखी हलली. तो बाजूला. दुसऱ्यावर तळहात टेकवला तर पडद्यावर हाताचेच डाग उमटायला लागले. तोही बाजूला. तिसऱ्याचं पेन पुढं आणि रेघ मागून, दमून येत असल्यासारखी. "हा माझ्यामागं चालायलाय. मला माझ्यासंगट चालणारा पाहिजे." चौथ्याचं पेन सुरेख होतं, दाबलं की रेघ जाड व्हायची, सैल धरलं की केसाएवढी. पण त्या पेनालाही चार्जिंग लागायचं. मॅडमनी विचार केला आणि तो परत ठेवला. "सावरगावात लाईट कवा येती कवा जाती. टॅबचं एक बघावं लागंल, वरतून पेनाची फिकीर कोण करणार?"

आप्पा आता धंदा विसरून या प्रकरणात रमला होता. त्यानं आतल्या कपाटातून दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात झळझळीत टॅब आणला. पेन बिनचार्जिंगचं. रेघ सरळ. हात टेकवला तरी डाग नाही. मी तर म्हटलं, "मॅडम, हाच." दुकानातली दोन गिऱ्हाइकंही म्हणाली, हाच.

मॅडमनी तो डाव्या हाताच्या कोपरावर, तान्ह्या लेकरासारखा धरला आणि आप्पाशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. बोलता बोलता हात भरून आला. तरी त्यांनी तो टॅब गयाबाईच्या मांडीवर ठेवला. "बघा मावशी."

गयाबाईनं वाकून बघितलं. मान इकडं केली, तिकडं केली.

"काय दिसायलंय?"

"मीच दिसायले की गं," गयाबाई म्हणाली. "आरशावाणी हाय हे. ह्याच्यात मी मलाच बगत बसले तर सखूला कसं बगू?"

सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत; सखू त्या सात जणींतलीच एक होती. त्यांनी लगेच तो टॅब उचलून परत दिला. आप्पानं क्षणभर डोकं खाजवलं, मग मधल्या आकाराचा, जरा साधा, पण तसल्याच पेनाचा एक टॅब घेतला, खणातून खरबरीत पातळ कागदासारखी फिल्म काढली आणि सराईत हातांनी पडद्यावर चिकटवली. "आता दारात उजेडाला नेऊन दाखवा आज्जीला."

दारात ऊन होतं. गयाबाईनं डोळे बारीक करून बघितलं आणि पहिल्यांदा बोट पुढं केलं. "हां. आता दिसायलंय. पाटीवाणी झालं."

मॅडमनी तिथंच, दुकानाच्या पायरीवर, बैठक मारली. खळीची साडी, शेजारी गयाबाई, मांडीवर ती पाटी. "सांगा मावशी. सखूबाईची हनुवटी कशी व्हती?"

"निमुळती. न्हाई, एवढी न्हाई. आणिक खाली. आणिक. हां, थांब, हितं..." आणि जागा दाखवायला गयाबाईनं आपलं बोटच पडद्यावर ठेवलं. सखूबाईच्या गालावरून कानापर्यंत एक जाड काळी रेघ उमटली. म्हातारी घाबरली. हात मागं घेऊन म्हणाली, "मोडलं का गं माझ्याकडून?"

मॅडमनी दोन बोटं पडद्यावर हलकेच टेकवून उचलली. रेघ नाहीशी झाली. खाली गाल जसाच्या तसा.

"न्हाई मोडत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. त्यांनी पुन्हा मुद्दाम एक रेघ मारली आणि पुन्हा पुसली. "बघा. कितींदाबी चुका, मावशी. आता न्हाई मोडत."

टॅब बांधून देताना आप्पा म्हणाला, "मॅडम, माझ्या आज्जीचा बी फोटो न्हाई."

"आज्जीला बगितलेलं घरात कोण हाय?"

"वडील हायत."

"मग घरी जाऊन आजच विचारा. नाक कुणावर गेलंय, डोळे कुणावर गेलेत. वडलांना बोलतं करा, मग मला बोलवा."

त्यानंतरचे कित्येक रविवार मॅडम सावरगावच्या जीपमध्ये होत्या. मीही दोनचारदा गेले. गयाबाईच्या ओसरीवर सतरंजी पडायची. वस्तीतल्या इतर म्हाताऱ्याही येऊन बसायच्या, कारण प्रत्येकीला वाटायचं की गयाबाई चुकतेय. मॅडम नाक एका थरावर काढायच्या, डोळे दुसऱ्या, पदर तिसऱ्या. एक थर लपवला तरी बाकीचं जागेवर राहायचं. म्हाताऱ्यांना ही युक्ती फार आवडली. "तिचा पदर काढ बरं, कान बगू," असं त्या हक्कानं सांगायच्या.

सात जणींतल्या चंद्रभागाबाईच्या नाकावरून मोठं भांडण झालं. गयाबाई म्हणे नाक बसकं, गयाबाईची जाऊ म्हणे धारदार. दोघींची तोंडं दोन दिशांना. मॅडमनी दोन्ही नाकं काढून दोन थरांवर ठेवली आणि म्हणाल्या, "दोन्ही हायत. भांडू नका. सापडंल आपल्याला." पुढच्या रविवारी चंद्रभागाबाईची नात, बाळंतपणाला माहेरी आलेली, लेकराला घेऊन समोरून गेली. कडेवरचं लेकरू रडायला लागलं म्हणून तिनं मान वळवली. दोन्ही म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, "हेच! हेच नाक!" ते नाक बसकंही नव्हतं आणि धारदारही नव्हतं. मधे हलकासा उंचवटा होता. मॅडमनी त्या पोरीला उन्हात उभं केलं आणि आजीचं नाक नातीकडून घेतलं.

पण सगळ्यात अवघड दिवस निघाला तो सखूबाईचा चेहरा जवळजवळ पूर्ण झाला तेव्हा. सखूबाई ही गयाबाईची थोरली बहीण. तिचा नातू सुभाषराव परभणीला बँकेत साहेब आहे. माणूस चांगला. विहाराच्या कामात पुढं. तो चित्र बघायला मुद्दाम आला, बराच वेळ बघत राहिला आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, फार छान झालंय. फक्त रंग जरा उजळ करता येईल का? आता तर बटणावर होतं सगळं."

"होतं," मॅडम म्हणाल्या. "बटण कुठं हाय ते मला माहीत हाय."

"मग?"

"मग तुमच्या आजीला हितून उठवून दुसरीच कुणी बसवावी लागंल."

सुभाषराव ओशाळला, पण मागं हटला नाही. "मॅडम, तुम्ही समजून घ्या. बाहेरचे पाहुणे येतात. माझ्या पोरांचे मित्र येतील. आपण आता तसे राहिलोत का? एवढं शिकलो, एवढं वर आलो. भिंतीवर जरा चांगलं दिसलं तर काय बिघडलं?"

मला वाटलं, मॅडम आता काहीतरी कडक बोलणार. त्यांनी पेन उचललं आणि सुभाषरावाच्या हातात दिलं. टॅबवर ती रंगाची पट्टी उघडून दिली. "घ्या. तुमची आजी हाय. तुमीच करा."

त्यानं पट्टी सरकवली. सखूबाईचा चेहरा हळूहळू गव्हाळ झाला, मग गोरा. त्यानं अजून थोडी सरकवली. मग मॅडमनी टॅब गयाबाईपुढं धरला.

गयाबाईनं बघितलं. "ही कोण?"

"सखूबाई," सुभाषराव म्हणाला.

"न्हाई रे. ही न्हवं माझी भैन." म्हातारीनं नातवाकडं बघितलं. "काळी व्हती माझी सखू. काळीभोर. हितल्या दगडावाणी. डोक्यावर पाटी घेऊन चढाला लागली की घामानं तिचं तोंड असं चमकायचं, मी लहान व्हते, मी बगत राहायचे. तिच्यासारखं दिसावं म्हणून म्या उन्हात बसायचे रे. लय देखणी व्हती. लय."

सुभाषरावाची नजर पेन धरलेल्या स्वतःच्या हातावर गेली. तो हात सखूबाईच्या रंगाचा होता. त्यानं पट्टी स्वतःच मागं आणली, पार पहिल्या जागी, आणि पेन मॅडमच्या पुढं ठेवलं.

"असंच राहू द्या," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "घामाची चमक घालता येईल का, मॅडम?"

"येईल की," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाईनं काम करताना बघितलं.

विहाराचं उद्घाटन झालं तेव्हा आमचा सगळा स्टाफ गेला होता. एका भिंतीवर तो जुना फोटो आणि समोरच्या भिंतीवर सात बायका, टॅबवरून छापून घेतलेल्या, मोठ्या, माणसाच्या डोक्याहून मोठ्या. कपाळावर, हनुवटीवर गोंदण. कुणाचा एक दात पुढं. कुणाच्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. आणि सखूबाई, काळीभोर, कपाळावर घामाची चमक. प्रत्येक चित्राखाली तिचं पूर्ण नाव, आणि कोपऱ्यात, कुणालाही वाचता येईल अशी सही.

पाहुण्या म्हणून आलेल्या एक अधिकारी बाई चित्रांसमोर थबकल्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या फोटोंवरून केलंत?"

"फोटोवरून न्हाई," मॅडम म्हणाल्या. "गयाबाईवरून." आणि त्यांनी गयाबाईला हात धरून पुढं आणलं.

गयाबाईला भाषणबिषण काही जमणार नव्हतं. ती काठी टेकत भिंतीच्या एका टोकापासून निघाली. प्रत्येक चित्रासमोर थांबायची, मान वर करायची आणि म्हणायची, "जयभीम, चंद्रभागा." पुढं जायची. "जयभीम, अनुसया." सखूबाईसमोर ती जास्त वेळ थांबली. तिथं ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. मांडवातली माणसं उभी राहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळी उभी होती. आमचे हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "ह्या आपल्या शाळेतल्या आहेत." जणू मला ते माहीत नव्हतं. पण मला कळलं, त्यांना ते कुणाला तरी सांगायचंच होतं. मलाही सांगायचं होतं. मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं.

समितीनं गयाबाईलाही विचारलं होतं, तुमचंही चित्र लावू का? ती म्हणाली, "मी जित्ती हाय, मला भिंतीवर कशाला चढवता?" पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मॅडमच्या टॅबमध्ये तिची चित्रं होतीच, तिच्या नकळत काढलेली. त्यांतलं एक त्यांनी निवडलं. तोंड उघडं, एक हात वर, नाकावरून भांडण चाललेलं. भिंतीवरच्या बाकीच्या बायका शांत आहेत. गयाबाई एकटी बोलतेय.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही त्यांना शाल दिली, त्यांनी आम्हा सगळ्यांना आमचेच चेहरे दिले. माझ्या चित्राखाली लिहिलं होतं, "विज्ञान." फोन केला की त्या कधी मानवतला असतात, कधी सेलूला, कधी अशा गावात ज्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकते. लोक बोलावतात. सगळ्या जातीचे बोलावतात. परभणीच्या आप्पाच्या आजीचं चित्रही झालं म्हणे. मॅडमची अट एकच असते, त्या माणसाला डोळ्यांनी बघितलेलं कुणीतरी समोर बसलं पाहिजे.

परवा मी एका लग्नासाठी पाथरीला चालले होते. गावाच्या अलीकडं जीपवाल्यानं प्रवासी घ्यायला गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एका घराच्या अंगणात माणसांचा घोळका दिसला. मधे बाज, बाजेवर ताठ पाठीची एक बाई, मान खाली, मांडीवर टॅब, हात चालू. भोवती दहाबारा माणसं होती, म्हातारे, बाया, एक फेटेवाले आजोबा, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. पण दिसत होतं. कुणी स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवून दाखवत होतं, कुणी गाल आत ओढून, कुणी आपली हनुवटी चिमटीत धरून. फेटेवाल्या आजोबांनी फेटा काढला आणि आपलं कपाळ तळहातानं मोजून दाखवलं, एवढं, एवढं रुंद.

मी हाक मारणार होते. पण तेवढ्यात मॅडमनी टॅब वळवून सगळ्यांच्या समोर धरला आणि तो सगळा घोळका एकदम गप्प झाला. आजोबांचा हात कपाळावर तसाच राहिला.

जीप निघाली.